महिनाअखेरीस मोठा निर्णय नको

रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर जाणारे, कुरकुंभच्या कारखान्यांत पाळी करणारे आणि निमोणे, करडे, न्हावरे या पट्ट्यात दुसऱ्याच्या वावरात रोजाने जाणारे यांच्या घरांत तेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. झोप लागत नाही, कारण नसताना पोरांवर हात उचलला जातो, कामावर चुका होतात. हे नुसतं पैशाचं टेन्शन की आजार? आजार असेल तर डॉक्टरवर पैसे घालवण्यापेक्षा तेच हप्त्यात भरलेले काय वाईट? आणि ठेकेदाराने पगार थकवला असेल तर तक्रार करून आहे ते कामही घालवायचं, की गप्प बसायचं? एकाच घरातले हे प्रश्न वेगवेगळ्या माणसांना विचारले जातात. पहिला डॉक्टरला, दुसरा शेजाऱ्याला, आणि तिसरा बहुतेक वेळा कुणालाच नाही. इथे त्यांची उत्तरं एकत्र द्यायची आहेत, कारण पैशाची ओढाताण आणि मनाचा थकवा यांची गाठ एकच आहे. ती दोन्ही टोकांनी सोडवावी लागते. सुरुवात मात्र एका साध्या गोष्टीने होते: मोठे निर्णय कोणत्या तारखेला घेता ते बदला.

तंगीत डोक्याचं काय होतं

ऊस ज्यांना माहीत आहे त्यांना पटेल असा एक पुरावा आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियाइंग झाओ या चार संशोधकांनी तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची बुद्धीची चाचणी घेतली, एकदा तोडीआधी हात रिकामे असताना आणि एकदा उसाचे पैसे मिळाल्यावर. हा अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. माणूस तोच, गाव तेच, शिक्षण तेवढंच. तरी तोडीआधी त्याचे गुण कमी आणि पैसे आल्यावर जास्त. हा हवामानाचा किंवा सणासुदीचा परिणाम म्हणावा, तर तोडीचा नंबर प्रत्येकाला वेगळ्या आठवड्यात लागतो हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तिथेही तसंच होतं, त्यामुळे एकाच महिन्यात काहींचे हात रिकामे होते आणि काहींचे भरलेले. फरक पडला तो हातात पैसा असण्यानसण्याचा. विहिरीवरची मोटर चांगली असते, पण विजेचा दाब कमी आला की पाणी चढत नाही. मोटर खराब झाली असं तेव्हा कुणी म्हणत नाही.

हे शेतकऱ्यांचं झालं, कामगारांचं काय, अशी शंका रास्त आहे. ओडिशात पत्रावळ्या बनवणाऱ्या, नगावर मजुरी घेणाऱ्या कामगारांवर सुप्रीत कौर, मुल्लैनाथन, सुआना ओ आणि फ्रँक शिलबाख यांनी केलेला अभ्यास नेमका याच शंकेसाठी वाचावा. त्यांनी काही कामगारांची साठलेली मजुरी ठरलेल्या दिवसाआधीच हातात दिली. एकूण रक्कम वाढवली नाही, फक्त दिवस अलीकडे आणला. ज्यांना ती आधी मिळाली त्यांचं काम वाढलं आणि कामातल्या चुका कमी झाल्या. देणी फिटली, डोकं मोकळं झालं, हात नीट चालला. पगार पुढे ढकलला तर आपला फायदा, असं समजणाऱ्या ठेकेदारांनीही हा अभ्यास वाचायला हवा, पण ते आत्ताचं काम नव्हे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. ‘अहो, तंगी सगळ्यांनाच असते. एक जण काटकसर करतो, दुसरा दारूच्या दुकानात जातो. दोष तंगीचा नाही, माणसाचा.’ माणसामाणसांत फरक असतो, हे खरंच. पण वरचे दोन्ही अभ्यास दोन वेगळ्या माणसांची तुलना करून थांबत नाहीत. तामिळनाडूत त्याच माणसाला दोन वेळी मोजलं आणि तोच माणूस तंगीत चुकला. म्हणजे काटकसर करणाराही २८ तारखेला जो निर्णय घेईल तो १० तारखेच्या निर्णयापेक्षा कच्चा असण्याचा संभव आहे. दारूचं म्हणाल तर ती पुष्कळदा झोपेच्या गोळीच्या जागी घेतली जाते आणि झोपच आणखी बिघडवते. ती सुटत नसेल तर त्यालाही उपचार आहेत. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं. स्वतःला नालायक म्हणत बसण्यापेक्षा निर्णयाचा दिवस बदलणं सोपं आणि स्वस्त आहे.

कोणता निर्णय कधी घ्यायचा

महिन्याच्या २५ तारखेपासून पगार खात्यात जमा होईपर्यंतचे दिवस ‘सहीचे’ समजू नका. रोजंदारीवर असाल तर आठवडी बाजाराच्या आदल्या दिवसाला हाच नियम लावा. या दिवसांत पुढच्या गोष्टी करायच्या नाहीत:

- जुना हप्ता भरायला नवं कर्ज काढणं
- दुसऱ्याला जामीन राहणं (नातेवाईक नेमका याच आठवड्यात येतो, कारण त्याचीही तीच तारीख असते)
- सोनं मोडणं किंवा गुंठाभर जमिनीचा इसार घेणं
- रागाच्या भरात काम सोडणं
- फोनवर आलेल्या ‘पाच मिनिटांत कर्ज’ वाल्या लिंकवर बोट ठेवणं

आजारपण, घरात धान्य नसणं, धमकी या गोष्टी थांबत नाहीत; त्यांच्यासाठी त्याच दिवशी हालचाल करा. बाकी सगळं एका कागदावर लिहून ठेवा आणि पगार झाल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी घरातल्या दोन कमावत्या माणसांनी मिळून ठरवा. ‘थांबलो तर दंड लागतो’ हे खरं आहे. पण आठवड्याचा दंड किती आणि घाईत काढलेल्या कर्जाचं वर्षाचं व्याज किती, हे एकदा मांडून बघा.

उदाहरण करूनच पाहू. तुम्ही खासगीत २०,००० रुपये ‘शेकडा पाच’ने घेतले. म्हणजे महिन्याला १,००० रुपये व्याज. बोलताना पाच हा आकडा लहान वाटतो, पण वर्षाला तो ६० टक्के होतो. वीस महिने तुम्ही न चुकता १,००० रुपये दिलेत तर २०,००० रुपये गेले आणि मुद्दल जिथल्या तिथे राहिलं. हेच २०,००० बचत गटातून महिना शेकडा दोनने मिळाले तर व्याज ४०० रुपये. परवानाधारक सावकाराला शासनाने घालून दिलेली मर्यादा शेतकऱ्यासाठी तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांसाठी १५ आणि १८ टक्के आहे. १८ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं ३०० रुपये. म्हणून हातउसनं लागलंच तर आधी बिनव्याजी नातलग, मग बचत गट किंवा पतसंस्था, मग बँकेचं सोनेतारण, असा क्रम धरा. खासगी सावकार आणि फोनवरचं ॲप या क्रमात बसतच नाहीत.

सगळ्यांत अवघड काम आहे एकूण देणं किती ते लिहिणं. कर्जाची बेरीज पुष्कळ जण टाळतात. आकडा डोळ्यांसमोर आला की जीव घाबरा होतो, आणि बायकोला किंवा नवऱ्याला कळेल ही भीती वेगळीच. तरी लिहा. कुणाचे, किती, कोणत्या व्याजाने, कोणत्या तारखेला, एवढे चारच रकाने. डोक्यात फिरणारी रक्कम कागदावरच्या रकमेपेक्षा जास्त छळते, कारण ती रात्री दोन वाजताही पाठ सोडत नाही.

टेन्शन की आजार, हे कसं ओळखाल

हप्त्याच्या दिवशी काळजी वाटणं हा आजार नाही. पगार झाला, चार दिवस बरे गेले, झोप लागली, तर ते टेन्शनच होतं. पण पगार होऊनही सलग दोन आठवडे, बहुतेक दिवशी, मन उदास असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, झोप तुटत असेल, भूक गेली असेल, थकवा हटत नसेल, आपण घरावर ओझं आहोत असं वाटत असेल, तर ते डॉक्टरला सांगण्यासारखं आहे. पैसे आल्यावरही मन वर येत नाही, हीच इथली मुख्य खूण.

कष्टकरी माणूस ‘मला उदास वाटतं’ असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो डोकं जड झालंय, पाठ धरलीय, छातीत धडधडतंय, पित्त झालंय, अंगात कस नाही. मग तो सलाईन लावून घेतो, ताकदीचं इंजेक्शन घेतो. दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यात गेलेला पैसा कुणी मोजत नाही, आणि ‘डॉक्टरवर खर्च नको’ म्हणणाऱ्या घरातही तो जातच असतो. छातीत दुखत असेल तर हृदयाची तपासणी आधीच व्हायला हवी, त्यात चालढकल नको. रक्त, साखर, थायरॉइड हेही बघून घ्यावं. पण तपासण्या नीट आल्या आणि त्रास तसाच राहिला तर पुढची सलाईन लावण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा: ‘हे मनामुळे असेल का? तसं असेल तर कुणाकडे जाऊ?’

बायांचं दुखणं आणखी उशिरा बाहेर येतं. गटाचं कर्ज त्यांच्या नावावर, ते वापरणारा दुसरा, आणि वसुलीला आलेला माणूस चारचौघींसमोर नाव घेतो तेव्हा खाली जाते ती त्यांची मान. घरात कुणी बोलेनाशी झाली, बैठकीच्या दिवशी आजारी पडू लागली, दागिना कुठे गेला ते सांगेना, तर ‘तिचा स्वभावच तसा’ म्हणून सोडून देऊ नका.

त्याच दिवशी मदत लागेल अशा खुणा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये देशात १,६४,०३३ जणांनी आत्महत्या केली. त्यांतले ४२,००४ रोजंदारीवर जगणारे होते, म्हणजे चौघांमागे एक. देशात रोजंदारी करणारेच पुष्कळ, त्यामुळे नुसत्या या आकड्यावरून गरिबीला दोष देता येत नाही. आत्महत्येमागे कारणंही एकाहून अधिक असतात. पण ज्या घरात कर्ज आणि उदासी दोन्ही आहेत तिथे सावध राहायला एवढा आकडा पुरे आहे. ‘मी नसलो तर सगळं मिटेल’, ‘विम्याचे पैसे तरी येतील’ असं बोलणं, अचानक निरवानिरव करणं, आवडती वस्तू देऊन टाकणं, फोन बंद करून एकटं राहणं, या खुणा दिसल्या तर:

१. सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो.
२. त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरातून हलवून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा.
३. १४४१६ ला फोन लावा. ही केंद्र शासनाची टेली-मानस सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.
४. काही घेतलं असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा आणि औषधाची बाटली बरोबर न्या. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने वेळ घालवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं. त्याच्यावर खटला भरायचा नाही, उलट त्याची काळजी घेणं हे शासनाचं कर्तव्य आहे.

आधी हप्ता की आधी डॉक्टर

या प्रश्नात लपलेलं गृहीत असं: पैसा आला की मन आपोआप बरं होईल, म्हणून आधी पैसा. अर्धं खरं आहे. मॅथ्यू रिडली, गौतम राव, फ्रँक शिलबाख आणि विक्रम पटेल यांनी २०२० मध्ये जगभरचे अभ्यास तपासून दाखवलं की हा रस्ता दोन्हीकडून वाहता आहे. उत्पन्न घटलं तर नैराश्य आणि चिंता वाढते. आणि नैराश्याचा उपचार झाला तर माणूस कामावर जास्त दिवस जाऊ शकतो. म्हणजे आजारी मनाने पैसा मिळवण्याची वाट बघणं महागात पडतं. खाडे वाढतात, ओव्हरटाइम झेपत नाही, मशीनवर बोट जाण्याचा धोका असतो. गेलेल्या हजेऱ्यांचे पैसे मोजा आणि मग डॉक्टरचा खर्च मोजा.

हा खर्च शून्यही असू शकतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. तुमच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारा की मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात. त्या वाराप्रमाणे पाळी बदलून घ्या. तिथे सोय नसेल तर चिठ्ठी घेऊन औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. येरवड्याचं नाव काढलं की लोक दचकतात, पण बाह्यरुग्ण विभागात तपासून, गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी येणाऱ्यांना तिथे कुणी कोंडून ठेवत नाही. २०१७ च्या कायद्याने दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याकडे पिवळं कार्ड असो वा नसो, सरकारी मानसिक आरोग्य केंद्रांत मोफत उपचाराचा हक्क दिला आहे. तुमचा आजार गुप्त ठेवण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. ‘कंपनीत कळेल’ ही भीती घालवायला एवढं पुरेसं नाही, पण डॉक्टरने सुपरवायझरला काही सांगायचं नाही, एवढं तरी नक्की.

पगारातून ईएसआयसीचे ०.७५ टक्के कापले जात असतील तर तुमचं पारडं आणखी जड आहे. सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो, आणि ‘आजार’ म्हणजे फक्त ताप आणि हाड मोडणं नव्हे. पगारचिठ्ठीवर ही कपात दिसते पण ईएसआयसीचा क्रमांकच मिळालेला नाही, असं असेल तर ती वेगळी तक्रार आहे, आणि गंभीर आहे.

उपचार म्हणजे फक्त गोळ्या, असंही नाही. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका घेतल्या. भर बोलून मन हलकं करण्यापेक्षा कृतीवर होता: सुटून गेलेल्या रोजच्या गोष्टी एकेक करून पुन्हा सुरू करायच्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापले गेले, आणि ज्यांना या बैठका मिळाल्या ते इतरांपेक्षा लक्षणीय बरे झाले होते. यातून घरी करण्यासारखं काय? मन लागेल तेव्हा करू, असं म्हणून थांबू नका, आधी करा. सकाळी ठरल्या वेळी उठणं, पारावर चार माणसांत अर्धा तास बसणं, सोडून दिलेलं भजन किंवा कबड्डी पुन्हा धरणं. कर्ज झालं की माणूस पहिल्यांदा लग्नाकार्याला, जत्रेला जाणं बंद करतो, आहेर कुठून करू म्हणून. आहेर नका करू, पण जा.

पगार थकला तर

गप्प बसणं सुरक्षित वाटतं, आणि एखाद्या आठवड्यापुरतं ते शहाणपणाचंही असू शकतं. पण थकलेला पगार हे मनाच्या त्रासाचं असं कारण आहे की ज्यावर कायद्याचं औषध आहे. ते न वापरता नुसत्या गोळ्या घेत राहणं बरोबर नाही. वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यातल्या तुमच्या कामाच्या गोष्टी या:

- महिन्याचा पगार पुढच्या महिन्याची ७ तारीख संपण्याआधी मिळाला पाहिजे. काम सुटलं किंवा काढून टाकलं तर कामाच्या दोन दिवसांत हिशेब चुकता व्हायला हवा.
- सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त नकोत.
- जादा तासांना नेहमीच्या दराच्या दुप्पट दर.
- ठेकेदाराने पगार दिला नाही तर जबाबदारी कंपनीवर येते. ‘तुमच्या ठेकेदाराला विचारा’ हे उत्तर शेवटचं नाही.
- दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, आणि पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, तुमच्यावर नाही.

‘तक्रार केली की गेटवरूनच परत पाठवतील’ हा आक्षेप खोटा नाही. कंत्राटी माणसाला काढायला कारण लागत नाही. म्हणून पायरीने जा. आधी ठेकेदाराला लेखी, म्हणजे व्हॉट्सॲपवर साध्या शब्दांत, रक्कम आणि महिना लिहून मागणी करा; तो निरोप पुढे पुरावा ठरतो. मग चार-पाच जणांनी मिळून कंपनीच्या एचआरला अर्ज द्या, कारण एकट्याला काढणं सोपं असतं. त्यानंतर पुण्यातल्या अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज. तिथे तुमच्या वतीने संघटनाही दावा लावू शकते, म्हणजे तुमचं नाव पुढे राहत नाही. आणि दावा लावायला तीन वर्षं असल्यामुळे दुसरं काम मिळाल्यावर जुन्या पगाराचा दावा करायलाही हरकत नाही. हा मार्ग फार जणांना माहीत नसतो. वकील लागला तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत मिळू शकतो, क्रमांक १५१००.

ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी एकच सांगतो. उचल घेतली म्हणून माणूस विकला जात नाही. उचल फिटेपर्यंत अडवून ठेवणं, पोरं किंवा बैल ओलीस ठेवणं हे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तक्रार तहसीलदारांकडे होते.

वसुलीवाला दारात आला तर

देणं खरं असलं तरी अपमान देणं लागत नाही. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांच्या विनातारण कर्जासाठी, म्हणजे बहुतेक गटकर्जांसाठी, रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाईक किंवा शेजारी यांना त्रास देणं चालत नाही. वसुली ठरलेल्या ठिकाणीच. तिथे तुम्ही लागोपाठ दोनदा गेला नाहीत तरच माणूस घरी येऊ शकतो. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, हेही कर्ज देणाऱ्यानेच बघायचं असतं. म्हणजे चौथं कर्ज देणाराही चुकला, एकटे तुम्ही नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, चौकशीचा क्रमांक १४४४८.

ॲपवाल्यांनी फोनमधली नावं काढून सगळ्यांना मेसेज पाठवले, फोटो बिघडवून फिरवले, तर १९३० वर सायबर तक्रार करा आणि नातेवाइकांना तुम्हीच आधी सांगून टाका. ॲपवाल्यांची सगळी ताकद तुमच्या लाजेत आहे. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे होते, आणि जमीन लिहून घेतली असेल तर चौकशी करून ती परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात.

कागद जपा

शिरूर तालुक्याला कर्जाच्या कागदाचा विषय नवा नाही. १८७४ च्या अखेरीस करडे गावात एका सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावरून देशमुखांचं घर उठवायला घेतलं आणि गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. तिथून पसरलेला असंतोष १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात फुटला. जमावाला हवे होते ते कर्जरोखे. ते मिळाले की जाळले जात, आणि बहुतेक ठिकाणी तेवढ्यावरच लोक थांबत. कारण कागद सावकाराकडे होता आणि त्यात काय लिहिलंय हे कर्ज काढणाऱ्याला वाचता येत नव्हतं. पुढे १८७९ च्या कायद्याने रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर करण्याची आणि पैसे भरल्याची पावती देण्याची सक्ती आली. आज तुम्हाला वाचता येतं, तरी कागद पुष्कळदा समोरच्याकडेच असतो. एका पिशवीत हे ठेवा:

- प्रत्येक कर्जाचा करार आणि भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या. खासगीत दिलेले पैसे शक्यतो खात्यातूनच द्या, म्हणजे बँकेतली नोंद हीच पावती.
- पगारचिठ्ठी, हजेरीचे फोटो, गेटपास, पीएफचा यूएएन क्रमांक, ईएसआयसी क्रमांक, ई-श्रम कार्ड.
- डॉक्टरच्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची नावं. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. परवडत नसतील तर तसं डॉक्टरांना सांगा, स्वस्त पर्याय असतो.
- कोरा धनादेश किंवा कोरा मुद्रांक सही करून दिला असेल तर कुणाला, कोणत्या तारखेला, कशासाठी, याची तुमच्या हातची नोंद.

फोन बदलतो, फुटतो, कधी गहाणही पडतो. म्हणून या कागदांच्या झेरॉक्सचा एक संच ज्या घराचा या कर्जांशी काही संबंध नाही तिथे ठेवा, बहिणीकडे किंवा मामाकडे, आणि घरातल्या आणखी एका माणसाला ती पिशवी कुठे आहे ते सांगून ठेवा.